ब्रेकच्या धुळीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका रविवारी, मी पाचाडहून हिरकणीवाडीकडे येत होतो. पुढचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायचा. आवाज नवा नव्हता. महिन्याभरापूर्वी महाडच्या दुकानातून पॅडचा जोड विकत घेतला होता आणि तो तसाच बॅगेत पडून होता. 'उद्या बसवू' या सबबीवर माझी गाडी महिनाभर चालली. पण हिरकणीवाडीतून परत महाडला जायचे म्हणजे कोंझरचा घाट उतरायचा, तोही पावसात. रोपवेच्या खालच्या बाजूला माझ्या एका मित्राचे घर आहे. पर्यटकांना घरगुती जेवण देतात. त्याच्या पडवीत गाडी डबल स्टँडवर लावली आणि म्हटले, आज इथेच पॅड बदलू.

मित्राचा हात पान्यावर माझ्यापेक्षा बरा चालतो. त्याने कॅलिपर डिस्कवरून उतरवला. आत काळसर करडी धूळ आणि वाळलेल्या लाल चिखलाचा थर जमला होता. ते साफ करायला तो खाली वाकला, गाल फुगवले आणि फुंकर मारणार तोच मी त्याचा खांदा धरून मागे ओढले. जरा जोरातच ओढले असावे.

"भाई, काय झालं?" तो दचकून म्हणाला.

त्या वेळी मी एवढेच म्हणालो की फुंकू नकोस, ओले फडके आण. त्याने आणले. पण त्याच्या 'काय झालं'ला नीट उत्तर द्यायचे तर सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो, आणि त्यात माझ्या चाचांचाही एक छोटा भाग आहे. तो इथे लिहितो आहे.

रायगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी ओळखली जाते तिची लोककथाही चढण्याची नाही, उतरण्याचीच आहे. दूध घालायला गडावर गेलेली बाई, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हे बाळ, आणि मग तो कडा. गाड्यांचा इतिहास लिहिणारे मात्र बहुतेक वेळा चढणाऱ्यांच्या बाजूचे असतात. इंजिन कोणी शोधले, वेग किती गाठला, किती घोड्यांची ताकद, याची पुस्तके भरपूर आहेत. गाडी थांबवायची कशी यावर ज्यांनी डोके चालवले त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात.

बैलगाड्यांच्या काळातही खरी अडचण घाट उतरतानाच यायची. मालाने भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर जाते. मग चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा, नाहीतर मागे जड ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा जो रस्ता आज आपण आंबेनळी घाट म्हणून ओळखतो, तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला तेव्हा त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. गव्हर्नरसाहेबांना वर थंड हवा हवी होती. त्यासाठी वर जाणारे ओझे बैलांनी ओढले आणि रिकामी-भरली गाडी खाली आणताना लाकडाचे ठोकळे झिजले.

पहिल्या मोटारीलाही हाच ठोकळा होता. १८८६ साली कार्ल बेन्झ यांनी जर्मनीत आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ही गाडी मानहाइमहून फोर्त्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभरेक किलोमीटर घेऊन गेली. वाटेत चढ आला की मुले उतरून गाडी ढकलायची. उतार आला की लाकडी ब्रेक घासून जायचे. शेवटी त्या एका गावात चांभाराकडे थांबल्या आणि त्याच्याकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. जगातल्या पहिल्या ब्रेक लायनरची गोष्ट सांगताना हाच प्रसंग सांगतात. मला यातला चांभार आवडतो. त्याने समोर काय यंत्र उभे आहे याचा फार विचार केला नसावा. गिऱ्हाइकाची वस्तू झिजते आहे, तिला तळवा लावून दिला, बस.

दुसरा माणूस इंग्लंडमधला, डर्बीशायरच्या डोंगराळ भागातला. नाव हर्बर्ट फ्रूड. आसपासचे शेतकरी गाड्या घेऊन उतारावरून येताना ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचा तळवा बसवतात, असे त्याच्या पाहण्यात आले. १८९७ च्या सुमारास तो याहून चांगले काही करता येते का, या खटपटीला लागला. कापसाचे जाड विणलेले पट्टे डांबर-मेणासारख्या चिकट पदार्थात भिजवून त्याने ब्रेकचे लायनर बनवले. त्याच्या कंपनीचे नाव फेरोडो. आडनावाची अक्षरे उलटसुलट केली आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातला ई त्यात घातला. आजही हे नाव पॅडच्या डब्यांवर दिसते.

कापसात एक दोष होता, आणि तो समजायला आपल्या घाटाचाच हिशोब करून पाहू. गाडी आणि मी मिळून २२० किलो धरा. हिरकणीवाडीहून खाली महाडपर्यंतचा उतार साधारण ३०० मीटर धरा. ही सगळी उंची जर फक्त ब्रेक दाबून उतरायची ठरवली, तर ब्रेकमध्ये सुमारे साडेसहाशे किलोज्यूल उष्णता तयार होईल. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी उकळते. म्हणजे घरातल्या सगळ्यांचा चहा आणि वर दोन पाहुण्यांचा. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो, दुसरे काही नाही. ती उष्णता सहन करणारा पदार्थ पाहिजे. चामडे करपते, कापूस जळतो. मोटारी जड आणि वेगवान होत गेल्या तसे फ्रूडचे कापसाचे पट्टे पुरेनासे झाले.

१९०८ च्या सुमारास त्याने कापसाच्या जागी ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली.

ॲस्बेस्टॉस हा एक दगडच, पण ज्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते पिंजता येतात, विणता येतात आणि आगीत टाकले तर जळत नाहीत. जुन्या काळी लोकांना याचे फार कुतूहल होते. फारसी-उर्दूत 'समंदर' नावाच्या एका प्राण्याची कल्पना आहे, जो आगीतच जगतो. त्याच्या कातडीचे किंवा केसांचे कापड असते, ते मळले की धुवायचे नाही, आगीत टाकायचे, पांढरेशुभ्र होऊन बाहेर येते, अशी समजूत होती. मार्को पोलोने आपल्या प्रवासवर्णनात ती खोडून काढली. त्याच्याबरोबर झुल्फिकार नावाचा एक तुर्क होता. त्याने खानासाठी तीन वर्षे खाणींचे काम पाहिले होते, आणि त्यानेच पोलोला सांगितले की हा प्राणी वगैरे काही नाही, डोंगरातून खणून काढलेला दगड कुटून, धुऊन त्याचा धागा करतात. दंतकथेला प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. पण त्या खाणीत दगड कुटणाऱ्यांच्या छातीचे काय झाले, ते पोलोने विचारले नाही.

ते विचारायला विसावे शतक उजाडावे लागले. इंग्लंडच्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता. तिथे सूत काढणारी नेली केरशॉ नावाची कामगार बाई १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. आजार कामामुळेच झाला असे तिच्या डॉक्टरने लिहून दिले होते. कंपनीने जबाबदारी नाकारली. डॉक्टर कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले, आणि पुढे या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव रूढ झाले. याच टर्नर घराण्याच्या उद्योगसमूहाने १९२० च्या दशकात फ्रूडची फेरोडो कंपनीही आपल्यात घेतली. म्हणजे रॉचडेलला जे तंतू बायका कातत होत्या, त्याच तंतूंवर जगभरच्या मोटारी थांबत होत्या.

१९३० मध्ये ब्रिटिश सरकारचे वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर आणि त्यांचे सहकारी प्राइस यांचा अहवाल आला. त्यांनी ३६३ कामगार तपासले होते. त्यांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसमुळे आलेला घट्टपणा आढळला. चारांत एकाहून जास्त. १९३१ साली तिथे कारखान्यातल्या धुळीविषयी नियम झाले. हे साल लक्षात ठेवावे. म्हणजे १९३१ नंतर 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणायची सोय कोणालाच उरली नाही.

आता चाचा.

माझे चाचा महाडला महामार्गालगतच्या एका गॅरेजात ट्रकच्या ब्रेकचे काम करायचे. मुंबई-गोवा रस्त्यावरचे ट्रक कशेडी उतरून पोलादपूर, महाडला आले की त्यांच्या ड्रममधून करपल्याचा वास यायचा. काही ड्रायव्हर चाकावर पाणी ओतायचे, त्याची वाफ व्हायची. चाचा त्यांना ओरडायचे, "अरे, तापलेल्या तव्यावर पाणी मारतोस काय? ड्रम तडकेल." ट्रक गार झाला की ते ड्रम काढायचे. जुने लायनर शूवर रिव्हेटने ठोकलेले असायचे, ते छिन्नीने तोडायचे. नवीन लायनरला भोके पाडायची, रिव्हेट मारायचे, आणि ड्रमच्या गोलाईशी जुळेपर्यंत कानशीने घासत बसायचे. शेवटी कॉम्प्रेसरचा पाइप लावून सगळी धूळ उडवायची. कॉम्प्रेसर बंद असला, आणि वीज गेली की तो बंदच असायचा, तर तोंडाने फुंकायचे.

शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायचो. मला आठवतात त्या त्यांच्या भुवया. करड्या, पीठ लागल्यासारख्या. दादी म्हणायची, "गिरणीतून आलास का रे?" आणि तेही हसायचे. ड्रम उचलून त्यावर हातोडीने टिचकी मारायचे आणि मला म्हणायचे, ऐक, घंटेसारखा वाजला म्हणजे तडा नाही. ही युक्ती मी अजून वापरतो.

पन्नाशीच्या आसपास त्यांना दम लागू लागला. आधी चढावर, मग घराच्या चार पायऱ्यांवर. कोरडा खोकला. टीबीचे औषध दोन वेळा पूर्ण झाले, बेडक्यात जंतू मात्र एकदाही सापडले नाहीत. त्या काळात खोकणाऱ्या गरीब माणसाला टीबी असतो हे ठरलेलेच होते. काम काय करता, हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. बीडीही ओढायचे, तेव्हा उत्तर तयारच होते. ते १९९८ साली गेले. सत्तावन्न वर्षांचे होते.

चाचांना ॲस्बेस्टॉसनेच नेले असा दावा मी करणार नाही. तशी तपासणी झालीच नव्हती. शिवाय इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रेक वापरताना जी उष्णता होते त्यात ॲस्बेस्टॉसच्या बऱ्याच तंतूंचे दुसऱ्या, कमी घातक खनिजात रूपांतर होते. त्यामुळे जुन्या ड्रममधल्या धुळीत खरे तंतू थोडेच उरतात. गॅरेज कामगारांना कर्करोगाचा धोका किती, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. कारखान्यात कातणाऱ्या-विणणाऱ्यांचा धोका त्याहून पुष्कळ मोठा होता. पण नवीन कोरा लायनर भोके पाडताना आणि कानशीने घासताना जी धूळ उडते ती भाजलेली नसते, ती तंतूंचीच असते. आणि चाचांचे निम्मे आयुष्य त्या कानशीवर गेले.

हे सगळे चाचांच्या काळात लिहिले गेले नव्हते असे नाही. ते १९३० सालीच छापले गेले होते. फक्त ते इंग्रजीत होते आणि महाडच्या गॅरेजात कोणी आणून दिले नव्हते. ब्रेक लायनरच्या खोक्यावर मला लहानपणी आकडे दिसायचे, भाग क्रमांक, ट्रकचे चित्र. धुळीबद्दल एक ओळही नसायची.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचे तोंड फुटले ते २७ जानेवारी १९९५ रोजी. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, म्हणजे घटनेच्या कलम २१ मध्ये बसतो, असे न्यायालयाने म्हटले. ॲस्बेस्टॉसिस झालेल्या कामगाराला १ लाख रुपये भरपाई द्यावी आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. इतकी वर्षे का? कारण हा आजार घाई करत नाही. धूळ आज छातीत जाते, दम वीस-तीस वर्षांनी लागतो. तोवर कारखाना विकला गेलेला असतो, मुकादम मेलेला असतो.

या निकालात ज्यांची नोंद ठेवायची ते कारखान्यातले कामगार होते. महामार्गावरच्या गॅरेजात हजेरीपुस्तकच नसते, तिथे ४० वर्षांची नोंद कोण ठेवणार?

आणि कारखान्यातले तरी काय झाले? २००५ साली डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावणेदोनशेच्या वर कामगार तपासले होते. पाचांत एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. मेरेवेदरचा १९३० चा आकडा आणि मुंबईचा हा आकडा शेजारी ठेवून पाहा. मध्ये पंचाहत्तर वर्षे गेली होती. मुंबईच्या कारखान्यांत कोण होते हे महाड-पोलादपूरच्या माणसाला विचारायला नको. इथल्या प्रत्येक वाडीतून, प्रत्येक मोहल्ल्यातून माणसे मुंबईला गेली. गणपतीला, ईदला घरी येताना पेटीत बिस्किटे आणि छातीत काय घेऊन आली, ते कोणी मोजले नाही.

युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर २००५ पासून पूर्ण बंदी आहे. अमेरिकेने १९८९ साली बंदी घातली, ती १९९१ मध्ये न्यायालयात उलटली, आणि अखेर मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. त्यात सुटे मिळणारे ब्रेकचे भागही आहेत. भारतात नव्या खाणींना परवाने देणे १९८६ मध्ये थांबले, पण वापरावर सरसकट बंदी नाही. आपण दरवर्षी लाखो टन ॲस्बेस्टॉस बाहेरून आणतो आणि त्याचे बहुतेक सिमेंटचे पत्रे करतो. मित्राच्या पडवीवरही तेच आहेत. हे लिहिताना लक्षात येते की त्या दिवशी मी त्याला खालच्या धुळीपासून मागे ओढले आणि वरच्या छपराबद्दल काहीच बोललो नाही.

मोटारसायकलकडे परत येतो. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते, पण त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि भयंकर किंचाळायचे. इथेही फ्रूडच्या ॲस्बेस्टॉसनेच आवाज बंद केला. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार फ्रान्समधली ल मांची शर्यत जिंकली तेव्हा जगाला डिस्क पटली. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने ती मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर आणून सर्वसामान्य केली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही बराच काळ ड्रमच होते. ऐंशीच्या दशकातल्या राजदूत ३५० ला मूळ जपानी गाडीची डिस्क काढून ड्रम दिला होता आणि त्या गाडीच्या न थांबण्याचे किस्से आजही ऐकायला मिळतात. १९९९ ची सीबीझेड, २००१ ची पल्सर यांच्यानंतर डिस्क ब्रेक आपल्या गावागावांत आला. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले.

या काळात चांगल्या कंपन्यांनी पॅडमधून ॲस्बेस्टॉस काढून टाकले. आता त्यात राळ, पोलादाचे किंवा कृत्रिम तंतू, बॅराइटची पूड, ग्रॅफाइट, कधी तांबे असते. हे तांबे ओढ्या-नद्यांत जाऊन माशांना त्रास देते म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने जवळजवळ शून्यावर आणायला लावले. धुळीचा इतिहास संपत नाही, फक्त धूळ बदलते. विकत घेताना डब्यावर ॲस्बेस्टॉस नाही असे छापलेले आहे का, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आहे का, एवढे बघावे. पन्नास-साठ रुपये वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशवीतला बिननावाचा जोड घेऊ नये. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तर हिरकणीवाडीत आम्ही काय केले ते सांगतो. कॅलिपर उतरवण्यापूर्वी पॅडची पिन ढिली करून घेतली होती. हे विसरले तर सुटा कॅलिपर हातात धरून पिन फिरवताना नाकीनऊ येतात. फडके पाण्यात भिजवून सगळी धूळ टिपून घेतली, फडके झटकले नाही. जुने पॅड बाहेर काढले. एकाची घासणारी बाजू जवळजवळ संपून पत्रा उघडा पडला होता. पॅडच्या मध्ये खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला असे समजायचे. माझी खाच कधी दिसेनाशी झाली हे मला कळलेही नव्हते. डिस्कवर बोट फिरवले. एक बारीक ओरखडा होता, खोल नाही. डिस्कची कमीत कमी जाडी किती चालेल हे तिच्यावरच कोरलेले असते, तेही वाचले.

मग पिस्टन मागे ढकलायचा. नवा पॅड जाड, जुना झिजलेला, त्यामुळे बाहेर आलेला पिस्टन आत गेल्याशिवाय नवा जोड बसत नाही. आधी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले आणि भोवती कापड गुंडाळले, कारण हे ऑइल सांडले तर टाकीचा रंग उतरवते. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून हाताने हळूहळू दाबला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, तो आवरावा. ऑइल चहासारखे काळपट झाले होते. डॉट ४ ब्रेक ऑइल कोरडे असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे ओलावले की १५५ अंशांनाच उकळू शकते. कोकणातली पावसाळी हवा आणि वर घाट. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा दांडा हँडलपर्यंत येतो, गाडी मात्र थांबत नाही. मी दोन वर्षांनी ते बदलायचे ठरवले होते. चार झाली होती.

नवे पॅड बसवताना घासणारी बाजू डिस्ककडे. हसू नका, उलटा पॅड बसवून आलेली गाडी चाचांनी मला एकदा दाखवली होती. पॅडला ग्रीसचा, तेलाचा हात लागू द्यायचा नाही. ग्रीस फक्त कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो तिथे, तेही उष्णता सोसणारे. पिन घातली, बोल्ट आवळले. आणि सर्वांत महत्त्वाचे काम, जे करायला माणूस घाईत विसरतो: गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचा दांडा पुन्हा पुन्हा दाबायचा. पहिल्या चार-पाच दाबांना तो पोकळ जातो, कारण पिस्टन आत ढकललेला असतो. मग कडक होतो. तो कडक होण्याआधी जो अंगणातून उतारावर निघतो, त्याला पहिल्याच वळणावर ब्रेक नसतो.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं ओलं फडकं कशाला रे? फुंकलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं."

मी चाचांबद्दल सांगितले, थोडक्यात. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. डिस्कवर त्यांची बैठक बसायला तीस-चाळीस वेळा हलक्या हाताने थांबावे लागते. म्हणून घाटाआधीच्या रस्त्यावर थांबत-थांबत गेलो आणि कोंझरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकपेक्षा इंजिनच जास्त वापरले. पाऊस होता. आवाज गेला होता. नाते गावाजवळ टपरीवर थांबलो आणि खाली वाकून डिस्कच्या जवळ तळहात धरला. कोमट होती.

महाडला पोचलो तेव्हा मित्राचा फोन आला. काकू विचारत होत्या, ते फडके धुऊन पोतेरे करू का?

म्हटले, नको. ओलेच पिशवीत बांधून ठेव. पुढच्या वेळी आलो की मी घेऊन जातो.